दुःख वर्ज्य, हाणामारी चालेल

यंदाही जून उजाडला आणि मोबाइलवर यादी आली. सहावी ते आठवीच्या मुलांनी वाचायलाच हव्यात अशा कादंबऱ्या. खाली कुणाची सही नाही. प्रत्येक पुस्तकाच्या नावापुढे कंसात त्यापासून होणारा लाभ: धैर्य, पर्यावरणाचं भान, संघभावना, कृतज्ञता. एका पुस्तकापुढे तर 'शब्दसंपत्ती व वेळेचं नियोजन' असं लिहिलं होतं. अशा याद्यांवर रागावण्याचं माझं वय उलटून गेलं आहे. पण तिच्या पाठोपाठ रविवारच्या पुरवणीत आमच्या एका स्नेह्यांचा लेख आला आणि लेखणी उचलणं भाग पडलं.

स्नेही म्हणजे वाचनचळवळीतलं बडं प्रस्थ. वर्षातले निम्मे रविवार कुठल्या ना कुठल्या ग्रंथमहोत्सवात दीपप्रज्वलन करत असतात. त्यांचं म्हणणं असं, की या यादीतून तीन पुस्तकं ताबडतोब काढावीत. 'श्यामची आई', कारण ती मुलांच्या मनात अपराधीपणा पेरते. 'पाडस', कारण त्यात कोवळ्या वयाचा मुलगा स्वतःच्या हातानं लाडक्या हरणाला गोळी घालतो. आणि मिलिंद बोकील यांची 'शाळा', कारण 'पालक विचारतात'. काय विचारतात ते लेखात नाही. मुलांची मनं आधीच नाजूक, करोनानंतर तर अधिकच. तेव्हा त्यांच्या हाती सकारात्मक, साहसी आणि आजच्या काळातल्या कादंबऱ्या द्याव्यात असा एकूण निष्कर्ष. साहसासाठी आपला फास्टर फेणे आहेच, हेही वर सांगितलं आहे.

फास्टर फेणे आहेच. भा. रा. भागवतांनी फुरसुंगीचा हा काटकुळा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवन शाळेत आणून सोडला, त्याच्या बुडाखाली सायकल दिली, तोंडात 'ट्टॉक' दिला, आणि पुढच्या दोन-तीन पिढ्यांच्या सुट्ट्या मार्गी लावल्या. त्यातल्या एका पिढीतला मीही. पण हा पोरगा करतो काय, ते जरा आठवून पाहा. चोरांच्या मागावर जातो, बांधला जातो, सुटतो, विमान पळवणाऱ्यांशी दोन हात करतो, आणि 'रणरंग'मध्ये थेट चीनच्या युद्धाच्या आघाडीवर पोचतो. शाळकरी पोर! सुरे, पिस्तुलं, अपहरणं, सगळं यथासांग. त्यावर आजवर एकाही पालकानं कुठल्या मुख्याध्यापकांना पत्र लिहिल्याचं माझ्या ऐकिवात नाही. कारण सरळ आहे. फेणेच्या जगात आपलं माणूस मरत नाही. गोळी सुटते ती चुकण्यासाठी, आणि शेवटच्या पानावर खलनायक पोलिसांच्या जीपमध्ये बसतो. भागवतांना यात दोष द्यायचा नाही. साहसकथेची बांधणी अशीच असते, ज्यूल व्हर्न मराठीत आणताना ती त्यांनी पक्की आत्मसात केली होती. दोष आमच्या स्नेह्यांच्या नियमाचा. तो नियम त्यांनी लिहिलेला नाही, पण लेखभर वावरतो: दुःख वर्ज्य, हाणामारी चालेल.

तोही त्यांना नीट पाळता आलेला नाही. त्यांच्या 'ठेवावीत' या गटात 'तोत्तोचान' आहे, लाभ अर्थातच 'आनंददायी शिक्षण'. त्या पुस्तकात तोत्तोचानचा पोलिओ झालेला मित्र मरतो. रेल्वेच्या डब्यांत भरणारी ती अद्भुत शाळा शेवटी बॉम्बहल्ल्यात जळून जाते. पुस्तक शेवटपर्यंत वाचलं की आपोआप कळणारी गोष्ट आहे ही.

आता 'पाडस'. याबद्दल मी पाल्हाळ लावणार आहे, संपादकांना तशी कल्पना दिली आहे.

मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांची 'द यर्लिंग' अमेरिकेत १९३८ साली आली, त्या वर्षी खपात आघाडीवर राहिली आणि १९३९ चं पुलित्झर घेऊन गेली. ते पारितोषिक मोठ्यांच्या कादंबरीचं. घेतली, वाचली, रडली ती मोठीच माणसं. मुलांच्या कपाटात ती नंतर गेली. पण तिचं मूळ आणखी मागं आहे. फ्लोरिडाच्या रानात वाढणाऱ्या एखाद्या मुलावर लिहा, असा लकडा रॉलिंग्जबाईंमागे लावला होता मॅक्सवेल पर्किन्सनं. हेमिंग्वे आणि फिट्झजेराल्ड यांच्या पुस्तकांवर ज्याचा हात फिरला तोच हा संपादक. बाईंच्या डोक्यात वेगळीच पुस्तकं होती. पर्किन्सला मात्र त्यांच्या पत्रांतून, त्यांच्या रानाच्या वर्णनांतून एक न लिहिलेलं पुस्तक दिसत होतं. आणि मराठीत ते आणलं राम पटवर्धनांनी, 'सत्यकथा' आणि 'मौज'च्या त्या संपादकानं. आयुष्य दुसऱ्यांच्या हस्तलिखितांवर घालवलेल्या या माणसानं स्वतःच्या नावावर फार थोडं ठेवलं, त्या थोड्यात हे आहे. पुस्तकाची शिफारस कशी करावी हे ज्याला शिकायचं आहे त्यानं या दोघांकडे पाहावं. एकानं लेखिकेला तिचंच न लिहिलेलं पुस्तक सुचवलं, दुसऱ्यानं ते एका अख्ख्या भाषेला सुचवलं. दोघांनीही कंसात लाभ लिहिला नाही.

कादंबरीवर आक्षेप घेणाऱ्याला शेवटची गोळी तेवढी दिसते. तिच्यापर्यंत नेणारी वाट दिसत नाही. ज्योडी बारा वर्षांचा. बाप पेनी, आई, आणि रानात वसवलेली चार पट्ट्यांची शेती. एके दिवशी पेनीला रॅटलस्नेक चावतो. विष उतरवायला तो समोर दिसलेली हरिणी मारतो आणि तिचं यकृत कापून दंशावर लावतो. बाप वाचतो. हरिणीचं पाडस पोरकं होतं. बाप ज्या प्राण्याच्या जिवावर जगला त्याचं पोर रानात एकटं सोडायचं कसं, म्हणून ज्योडी ते घरी आणतो. त्याला बाटलीनं नव्हे, दुधात बोटं बुडवून पाजतो. वर्षभरात ते वाढतं आणि मक्याचे कोवळे कोंब खाऊ लागतं. मका म्हणजे या घराचं वर्षाचं अन्न. ज्योडी पुन्हा पेरतो. कुंपण उंच करतो, हातांना फोड येईपर्यंत. हरीण ते कुंपण सहज ओलांडतं. बाप अंथरुणाला खिळलेला. त्याला हरणाचा राग नाही, मुलावरही नाही. तरी तो सांगतो: याला रानात ने आणि गोळी घाल. मुलाच्यानं होत नाही. आई घालते, तिचा नेम धड लागत नाही, आणि तडफडणाऱ्या जिवाची सुटका शेवटी मुलालाच करावी लागते.

या सबंध हकिगतीत दुष्ट कोण? साप नाही, बाप नाही, आई नाही, हरीण तर नाहीच. फेणेच्या पुस्तकात शेवटच्या पानावर पकडायला कुणी तरी असतं, इथं जीप आणली तरी बसवायचं कुणाला? सातवीतल्या मुलाला हे पेलणार नाही असं आमच्या स्नेह्यांना वाटतं. विदर्भात रोही आणि रानडुकरं एका रात्रीत उभं पीक फस्त करतात. तिथं बापाबरोबर मचाणावर जागलीला गेलेल्या सातवीतल्या मुलाला ते विचारून पाहावं. त्याला 'पाडस' हिंसक वाटणार नाही, घरातलं वाटेल. हिंसा दिसते ती मका डब्यातून खाणाऱ्या घरांना.

आणखी एक जागा सांगतो, ती कुठल्याच परीक्षणात मी पाहिलेली नाही. कादंबरीच्या सुरुवातीला ज्योडी झऱ्याकाठी काटक्या-पानांचं एक छोटंसं पाणचक्र करतो आणि ते फिरताना पाहत पडून राहतो. शेवटी घरातून पळून गेलेला, उपासमारीनं अर्धमेला झालेला तो परततो, आणि त्याच झऱ्याशी थांबून पुन्हा तसंच चक्र करतो. चक्र फिरतं, अगदी पहिल्यासारखं. त्याला मात्र काही वाटत नाही. लेखिका इथं थांबून समजावत बसत नाही. सहावी ते आठवी या वयात नेमकं हेच चाललेलं असतं: परवापर्यंतच्या खेळात आज जीव रमत नाही, आणि का ते सांगता येत नाही. याच्यापुढे कंसात काय लिहायचं?

आक्षेप एवढाच असता तर हा लेख इथंच संपला असता. पण 'श्यामची आई'च्या बाबतीत मला दोन आघाड्यांवर लढावं लागतं. एका बाजूला आमचे स्नेही, ज्यांना ती मुलांच्या मनाला घातक वाटते. दुसऱ्या बाजूला संस्कारवाले, ज्यांना ती रोज सकाळी एक चमचा द्यावीशी वाटते. एकाला गुण आठवतो, दुसऱ्याला अपाय. पण पुस्तक म्हणजे बाटलीतलं औषध यावर दोघांचं एकमत. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या काही दिवसांत हे लिहून काढलं. पुस्तकात मोठा झालेला श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री आईची एकेक आठवण सांगतो. म्हणजे चौकटीतसुद्धा ही गोष्ट लहान मुलांपुरती नाही. एका बाईचा संसार कर्जात कसा बुडतो आणि ती कशी झिजून मरते याची ती हकीगत आहे. मुलगा शिकायला दूर गेलेला, तो शेवटच्या भेटीलाही पोचत नाही. हा शेवट संस्कारवर्गात सहसा सांगत नाहीत. तिथं पोचतो फक्त दगडावर पसरलेला पदर.

मला त्यातला वेगळाच प्रसंग मोलाचा वाटतो. एका म्हाताऱ्या महार बाईच्या डोक्यावरची लाकडाची मोळी खाली पडते, तिला ती उचलता येत नाही. श्यामची आई त्याला सांगते, जा आणि तिला हात दे. आणि घरी येऊन अंघोळ कर. हे दुसरं वाक्य संस्कारवाले गाळतात, कारण ते अडचणीचं आहे. टीकाकार फक्त तेच उचलतात, कारण ते सोयीचं आहे. पुस्तकात दोन्ही वाक्यं एकाच श्वासात येतात. एका चांगल्या बाईची झेप कुठवर गेली आणि कुठं अडली, ते लेखकानं झाकलेलं नाही. ज्या मुलाला घरी येऊन अंघोळ करायला सांगितलं होतं, तो १९४७ साली पंढरपुरात उपोषणाला बसला आणि विठ्ठलाचं मंदिर दलितांना उघडेपर्यंत उठला नाही. त्या मोळीपासून पंढरपूरपर्यंतचं अंतर सातवीच्या वर्गात मोजता येतं. बाई किंवा गुरुजी धीट असले तर तासभर गप्पा होतील. अपराधीपणा पेरला जाईल हे खरं, आणि तो काही घरांत पेरला जायलाच हवा.

इथपर्यंत माझा सूर विजयी होता. मग शेजारच्या घरातली एक मुलगी आडवी आली. सातवीत आहे, वाचायला मागते, म्हणून तिला एक गठ्ठा दिला होता: श्याम, ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या, फास्टर फेणे, प्रकाश नारायण संतांचा लंपन. 'वनवास'पासून 'झुंबर'पर्यंतच्या त्या चार पुस्तकांना कथासंग्रह म्हणतात, पण ओळीनं वाचली की कादंबरीच होते, आणि आजी-आजोबांकडे राहणाऱ्या त्या मुलाची कानडीत भिजलेली मराठी ऐकली की पुण्या-मुंबईच्या मुलांना आपली भाषा किती मोठी आहे याचा पहिला सुगावा लागतो. गठ्ठा पंधरा दिवसांनी परत आला. पुस्तकं आवडली होती. तिनं पुढचं पुस्तक हातात घेतलं, मागचा मजकूर वाचला आणि विचारलं, ''काका, परत मुलगाच?''

उत्तर काय देणार? हातात होती 'शाळा'. त्यातली शिरोडकर सबंध महाराष्ट्राला ठाऊक आहे, पण ती आपल्याला दिसते ती नायक मुकुंदाच्या बाकावरून. तिच्या घरात, तिच्या डोक्यात काय चाललं होतं ते आपल्याला कधीच कळत नाही. कादंबरीचा तो दोष नाही, चौदा वर्षांच्या मुकुंदालाही ते कळत नाही यातच तिची गंमत आहे. पण गठ्ठ्याचा दोष आहे. ताम्हनकरांची 'चिंगी' आहे. संगीता बर्वे यांच्या 'पियूची वही'ला साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, ती आहे. आणि शान्ता शेळके यांनी मराठीत आणलेली 'चौघीजणी' आहे, जी मराठी मुलींच्या कित्येक पिढ्यांनी चुलतबहिणींकडून मागून वाचली. त्यातल्या ॲमीनं बहिणीचं, जोचं, हस्तलिखित चुलीत घातलं तेव्हा मी मुलगा असूनही आठवडाभर ॲमीशी बोललो नव्हतो. पण ही नावं पोटात आग पडल्यावर आठवतात, गठ्ठा बांधताना आठवत नाहीत, आणि त्यातलं सर्वांत जाड पुस्तक अमेरिकेतून आलेलं.

मुलीचा प्रश्न तिच्यापुरता राहत नाही. श्याम, गोट्या, फेणे, लंपन, मुकुंदा जोशी. सगळे मुलगे, आणि आडनावं, घरं, ताटातले पदार्थ पाहिले तर जवळजवळ सगळे एकाच प्रकारच्या घरांतले. स्नेह्यांच्या 'आजच्या' या शब्दाला मी सुरुवातीला हसलो होतो, कारण त्यांना आजचं म्हणजे मोबाइल आणि स्टार्टअप असलेलं हवं आहे. पण त्या शब्दाच्या आडून जो खरा प्रश्न डोकावतो, तो कोणाचं बालपण हा आहे, आणि तो टाळता येत नाही. अरुण साधूंची 'झिपऱ्या' सोडली, मुंबईच्या लोकल स्टेशनांवर बूटपॉलिश करणाऱ्या पोरांची ती कादंबरी, तर या वयाच्या शिफारशींत फाटक्या खिशाचा मुलगा शोधावा लागतो.

गंमत अशी, की मराठीत या वयाच्या मुलांवर लिहिलेली सर्वांत जिवंत पानं आहेत आणि ढीगभर आहेत. ती कादंबऱ्यांत नाहीत, दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांत आहेत. प्र. ई. सोनकांबळे यांचं 'आठवणींचे पक्षी' १९७९ चं. आईबाप गेलेला मुलगा बहिणीच्या आश्रयाला येतो, तिथं खायची मारामार, जो तो हिडीसफिडीस करणारा, आणि तरी शाळा सुटू नये म्हणून चाललेली त्याची चिकाटी. पुढे औरंगाबादला आंबेडकरांनी काढलेलं मिलिंद महाविद्यालय. पुस्तकाची बांधणी सुट्या आठवणींची. 'श्यामची आई'चीही तशीच आहे. एकात आईच्या आठवणी, दुसऱ्यात आई नसल्याच्या. ही दोन पुस्तकं एकाच महिन्यात वाचलेला आठवीचा विद्यार्थी मला भेटायचा आहे. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'त (१९८०) गाढवांच्या पाठीवर बिऱ्हाड घेऊन गावोगाव टोपल्या विणत फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबातला बाप पोराला शाळेत घालायचं ठरवतो. जातपंचायत डोळे वटारते, आणि तरी मुलगा प्रत्येक मुक्कामाच्या गावी नव्या शाळेच्या दाराशी जाऊन उभा राहतो. याहून साहसी शाळकरी नायक फास्टर फेणेच्या बापालाही सुचला नसता. 'उपरा'ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, विद्यापीठांत ते शिकवलं गेलं, त्यावर प्रबंध झाले. सातवीतल्या पोराच्या हाती मात्र कुणी दिलं नाही, कारण ते ग्रंथालयात 'दलित साहित्य' या फळीवर असतं आणि मुलांची फळी दुसऱ्या खोलीत.

पण अख्खं पुस्तक द्यावं का? इथं मला माझ्याच आधीच्या पानांशी भांडावं लागतं. 'पाडस'मधून गोळी काढू नका, श्यामच्या गोष्टीतून अंघोळ काढू नका, असं वर ठणकावून आलो आहे. आणि या आत्मकथनांत पुढे जे येतं, मोठ्या माणसांचं शरीर, लिलाव, व्यसनं, ते सगळं बाराव्या वर्षी वाचलं नाही तर काही बिघडत नाही. बंगालमध्ये यावर एक तोड निघालेली आहे. विभूतिभूषणांच्या 'पथेर पांचाली'ची मुलांसाठी 'आम आँटिर भेंपू' नावाची आवृत्ती निघाली. तिची चित्रं काढली सत्यजित राय या तरुण चित्रकारानं, आणि ती काढता काढता त्याच्या डोक्यात सिनेमा शिरला. मोठ्यांच्या श्रेष्ठ पुस्तकातला बालपणाचा भाग मुलांसाठी वेगळा छापायला तिथं कुणाला कमीपणा वाटला नाही. आपल्याकडे 'आठवणींचे पक्षी'तल्या निवडक आठवणी, 'उपरा'तला शाळेचा भाग, चांगल्या चित्रकाराकडून चित्रं काढून, मोठ्या टंकात, स्वस्तात, एका मालेत छापायला काय हरकत आहे? शब्द बदलायचे नाहीत. इंग्लंडात रोआल्ड डालच्या पुस्तकांतला 'जाड्या' २०२३ साली प्रकाशकांनी पुसला, बोंब झाल्यावर जुनी आवृत्तीही चालू ठेवू म्हणाले. तसलं हळवं रंगकाम नको. निवडायचं, पण निवडलेल्याला हात लावायचा नाही. स्नेह्यांना माझं आवाहन आहे, की पुढच्या ग्रंथमहोत्सवाच्या मांडवखर्चातून एवढं करून दाखवावं.

यादीच नको, असं मी पूर्वी म्हणत असे, आणि हा लेख सुरू करतानाही तसंच म्हणणार होतो. पण मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींनी फोनवर विचारलं, ''सर, दोन हजार रुपये मंजूर झालेत, काय काय घेऊ?'' त्यांच्या शाळेचं ग्रंथालय म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतलं पोलादी कपाट. आत थोर पुरुषांची चरित्रं, एकेकाच्या सात सात प्रती, आणि 'आरोग्य हीच संपत्ती' या विषयावरच्या पुस्तिका. ज्याला दोन हजारांत भागवायचं आहे त्याला यादी लागते. यादीला हसण्याची चैन घरी पुस्तकांच्या भिंती असलेल्यांना परवडते. तेव्हा यादी असावी, पण तिच्याखाली एका माणसाचं नाव असावं, आणि मूल परत येऊन 'हे फालतू निघालं' म्हणालं तर ऐकून घ्यायला तो माणूस तिथं असावा. साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात मुलांमध्ये राहत, त्यांच्यासाठी हातानं लिहून रोजचं दैनिक काढत. त्या दैनिकातली शिफारस कुठल्या मुलाला पोचली आणि कुठल्या नाही हे त्यांना संध्याकाळी पंगतीतच कळत असणार. मोबाइलवरच्या बिनसहीच्या यादीला कुठली पंगत?

अमेरिकेत यावर एक शास्त्रीय उपाय निघाला आहे, त्याला लेक्साइल म्हणतात. वाक्यं किती लांब आणि शब्द किती वापरातले, यावरून यंत्र पुस्तकाला आकडा देतं, मुलाला चाचणीवरून आकडा मिळतो, आणि दोन्ही आकड्यांची सोयरीक जुळवतात. वाक्यं आखूड म्हणून हेमिंग्वे या मापात शाळकरी ठरतो. त्या हिशोबानं त्याचं, पु. ल. देशपांड्यांनी मराठीत आणलेलं 'एका कोळियाने' पाचवीच्या मुलाला द्यायला हरकत नाही. द्यावंही. पण त्यातल्या म्हाताऱ्याला माशाच्या हाडांचा सांगाडा होडीला बांधून परत का यावंसं वाटलं, हे त्या आकड्यात बसत नाही.

फोनवरच्या त्या गुरुजींना मी पुस्तकं सांगितली. 'पाडस' पहिलं. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', धनगरांच्या वस्तीवर आलेल्या कोवळ्या मास्तरची, कारण गुरुजींच्या मुलांनी दुष्काळ पाहिलेला आहे. आणि माडगूळकरांचंच 'सत्तांतर', ज्यात वानरांच्या टोळ्यांची लढाई आहे आणि ती आपलीच असल्याचा संशय आठवीतल्या हुशार मुलीला आपसूक येतो. 'श्यामची आई' होतीच त्यांच्याकडे, सात प्रती. 'चौघीजणी'. फास्टर फेणेची मावतील तितकी, कारण रडल्यावर पळायला जागा लागते. 'आठवणींचे पक्षी' मोठ्यांचंच घ्या आणि आधी तुम्ही वाचा म्हटलं, मग वर्गात मोठ्यानं काय वाचायचं ते तुम्ही ठरवा. दोन हजार केव्हाच ओलांडले होते. गुरुजी म्हणाले, उरलेले गावात मागतो.

राहता राहिली 'शाळा'. ती २००४ साली आली, आणीबाणीच्या दिवसांतला नववीचा वर्ग. सुजय डहाके यांनी तिच्यावर सिनेमा केला, पुढे २०२३ साली त्यांनीच 'श्यामची आई'ही केला, म्हणजे या दोन पुस्तकांचं एकमेकांशी वाकडं नाही हे सिनेमावाल्यांना आमच्या स्नेह्यांआधी कळलं. शहरातल्या एका नामवंत शाळेनं गेल्या वर्षी ग्रंथालयातून तिच्या प्रती उचलल्या. कारण विचारलं तर ग्रंथपालबाई म्हणाल्या, वरून सांगितलं. तिच्यात चुंबनसुद्धा धड नाही. आहे ते एका मुलीकडे पाहत राहणं, तिच्या घराच्या वाटेवर उगाच घुटमळणं, मित्रांपुढे बढाया आणि एकटं असताना घाबरगुंडी. नववीच्या मुलाची गोष्ट नववीत द्यावी, असं मवाळ पालक सुचवतात. मला ते पटत नाही. नववीत पोचलेल्या मुलाला नववी ठाऊकच असते, तो दहावीच्या धास्तीत असतो. मुलं नेहमी आपल्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठ्यांबद्दल वाचतात, जिन्यात उभ्या मोठ्या मुलांचं बोलणं ऐकावं तसं. म्हणून 'शाळा' आठवीत द्यावी, दिवाळीच्या सुट्टीच्या आधी, आणि परत कधी आणणार ते विचारू नये. आमच्या शेजारच्या मुलीला ती मी आत्ताच, सातवीत दिली आहे. शिरोडकरच्या बाजूनं गोष्ट लिहायला हवी होती, असं तिचं मत झालं आहे, आणि तिनं वहीत सुरुवातही केली आहे. वाचायला अजून देत नाही.